जिऱ्याच्या तीन पेंढ्या

कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली माझं टेबल,
टाइपरायटर, आणि तीन पायांचं एक स्टूल.
एप्रिल. कार्बन बोटांना चिकटतो.
डेरिक साहेब आले ते कापडी पिशवी घेऊन,
पिशवीत चार नावं.

पेन्शनच्या पुस्तकात कमिंग.
राशन कार्डावर कुमीन.
बँकेत कामिनी, आणि आधी श्रीमती.
चौथ्या कार्डावरचं नाव
त्यांनी अंगठ्याखाली धरलं होतं.
मी अंगठा बाजूला केला.
कमीने.
"शाळेत पोट्टे हेच म्हणायचे," ते म्हणाले,
"पण तेव्हा त्यावर शिक्का नव्हता."

मोहननगरला घर. नागभीडच्या छोट्या लायनीवर
चौतीस वर्षं गार्ड.
हिरवी झेंडी अजून उशाखाली असते म्हणे.

मी विचारलं, खरं कोणतं लिहू?
टाइपरायटरवर मोहोर सांडत होता.
ते फुंकर घालत राहिले, मग म्हणाले,
खरं कोणतं ते कोणाला ठाऊक जी.
नॉर्मंडीत एक खेडं होतं, कोमिन.
निघाले ते खेड्याचं नाव पाठीवर टाकून,
जसे तुमचे पवनीकर, उमरेडकर.
समुद्र ओलांडला. पुढं स्कॉटलंड, राजाचं दार.
त्यांच्यातल्या पोराला तिथली भाषा येईना,
म्हणून दारावर उभं केलं, दोनच शब्द शिकवले:
कम इन.
तेच आडनाव झालं.
"खोटं असेल. पण आमच्याकडे
हे बायबलच्या आधी सांगतात."

दारपाळाचे वंशज सरदार झाले.
तांबडे कोमिन, काळे कोमिन, किल्ले, जंगलं.
हात मुकुटापर्यंत गेला, वीतभर कमी पडला.
मग एका चर्चात, वेदीपाशी,
बोलायला म्हणून बोलावलं आणि खंजीर खुपसला.
मेला की नाही, शंका होती;
एक जण पुन्हा आत गेला, खात्री करायला.
"त्यानंतर," डेरिक साहेब म्हणाले,
"आमचं नुसतं स्पेलिंग उरलं."

आणि हो, कोंबड्यांची डोणी.
माणसं कमी पडली की कोणाचंही पोर आणायचं,
कोंबड्या पाणी पितात त्या दगडी डोणीत
डोकं बुडवायचं. झाला कोमिन.
"माझा पणजोबा खंजिराकडचा की डोणीकडचा?
रंग बघा ना माझा.
कामठीच्या छावणीतच असेल ती डोणी."

चहा यायचा होता, म्हणून मी विचारलं,
ढालीवर काय होतं?
निळ्यावर तीन सोनेरी पेंढ्या.
लोक म्हणतात गव्हाच्या.
घरचे म्हणतात जिऱ्याच्या;
जिऱ्याचंच नाव ते, जरा वाकडं बोललेलं.

मी हात थांबवला.
माझ्या टेबलाला पत्र्याची पाटी आहे, निम्मी गंजलेली:
रा. वि. जिरापुरे, अर्जनवीस.
कोणतं जिरापूर, घरात कोणालाच सांगता येत नाही.
आजा इतवारीत मसाल्याची पोती वाहायचा.
आंघोळीनंतरही पाठीला वास यायचा त्याच्या.
मुकादमानं हजेरीत नाक लावूनच लिहिलं असेल.

हे मी त्यांना बोललो नाही.
टाइप केलं:
वर नमूद चारही नावे एकाच इसमाची असून
तो इसम मीच आहे, हे सत्य आहे.
खाली ओळख देणारा म्हणून माझी सही.

सहा आठवड्यांनी नवं कार्ड घेऊन आले.
डेरिक जिरापुरे.
बाबूनं खालच्या ओळीतलं उचललं होतं.
मी म्हटलं, साहेब, दुसरं करून देतो, फी नको.
त्यांनी कार्ड नाकाशी नेलं.
"राहू द्या जी. आमच्यात एवढ्यानं होतं."

झाडाखाली पाखरांसाठी मातीचं पसरट भांडं आहे.
त्यात त्यांनी रुमाल बुडवला
आणि टकलावर पिळला.
मी स्टूल पुढं सरकवलं.

बँकेत मात्र ते अजून
श्रीमती कामिनीच आहेत.